उचल, कोयता आणि क्रिएटिनिन: मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचं एक प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हे प्रकरण तिथं सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. रुग्णाला आणि त्यांच्या घरच्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी त्यांना अण्णा म्हणतात, इथेही अण्णाच म्हणू.

पार्श्वभूमी

जून २०२३, पेरणीच्या आधीचे दिवस. अण्णा तेव्हा ४८ वर्षांचे होते. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन नाहीतर कापूस, आणि दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याला. वीस-बावीस वर्षं हेच चाललेलं. कधी सांगली, कधी कोल्हापूर, दोन हंगाम बेळगावकडे.

बीडबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवून नेणारा माणूस, हंगामाआधी उचल देतो, ती ऊस तोडून फेडायची. जोडीतलं एक माणूस बसलं तर अर्धा कोयता उरतो, उचल मात्र पुरी फेडावी लागते. या प्रकरणातले निम्मे निर्णय या हिशेबानं ठरले, औषधाच्या चिठ्ठीनं नव्हे.

अण्णा आले ते पायाच्या सुजेसाठी. "म्याडम, दुखत काहीच न्हाई, निस्ते फुगलेत. चप्पल बसंना." मी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, काढला तर खड्डा तसाच राहिला. रक्तदाब १६८/९६. मधुमेह नऊ वर्षांचा. मेटफॉर्मिन एक ग्रॅम दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड चालू होतं, रक्तदाबाची गोळी डोकं जड वाटलं तर. लघवीला फेस येतो का, असं विचारल्यावर अण्णा गप्प राहिले. त्यांच्यामागं उभ्या असलेल्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "साबणाचं पाणी ओतल्यावानी येतो. वरीस झालं आसंल."

ताईंच्या पिशवीत एक जुनी फाइल होती. ऑगस्ट २०२१ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासण्यांची. त्यात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, १.६ होतं. प्रयोगशाळेनं त्या आकड्यापुढे छोटी खूण केलेली, आणि खाली कुणीतरी शेरा मारलेला: ऑपरेशनसाठी फिट. त्या खुणेबद्दल अण्णांशी कुणीही बोललेलं नव्हतं.

क्रिएटिनिन १.६ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. कमाल मर्यादा १.३ किंवा १.४ छापलेली असते, तिच्या जरासा वर. पण क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येईपर्यंत ते बरेचदा मर्यादेतच राहतं. म्हणून वय आणि लिंग धरून त्याचं ईजीएफआरमध्ये रूपांतर करायचं असतं, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढायचा असतो. ४६ वर्षांच्या पुरुषाला १.६ म्हणजे साधारण ५३. निरोगी तरुण माणसात हा आकडा ९०च्या वर असतो. मी अण्णांना सांगितलं, "शंभरातले त्रेपन्न उरले होते." अगदी काटेकोर बोलायचं तर ती टक्केवारी नाही, पण समजायला हे पुरतं.

अडचण नेमकी काय होती

जूनमध्ये क्रिएटिनिन २.३ आलं, ईजीएफआर ३४. पहिला प्रश्न असा की हे नवं की जुनं? नवं असेल तर कारण शोधून धावपळ करायची, कारण बरंच काही परत येऊ शकतं. जुनं असेल तर चाल वेगळी. मूत्रपिंडाचा आजार जुनाट म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. एरवी तीन महिने थांबून पुन्हा रक्त तपासावं लागलं असतं. इथे ताईंनी जपून ठेवलेल्या फाइलीनं उत्तर दिलं. जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका, असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठी.

बाकीच्या तपासण्याही त्याच दिशेला बोट दाखवत होत्या. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण १,४०० मिलिग्रॅमच्या पुढे, जे ३०च्या आत असायला हवं आणि ३००च्या वर गेलं की गंभीर धरतात. हिमोग्लोबिन ९.८. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ९.२. नेत्रतज्ज्ञांनी पडद्यावर मधुमेहाच्या खुणा पाहिल्या. डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या असतील तर मूत्रपिंडातल्याही त्याच वाटेनं गेल्या असण्याची शक्यता मोठी. निदान झालं: मधुमेह आणि रक्तदाबामुळे मूत्रपिंडाचा जुनाट आजार, टप्पा ३ब, लघवीतून भरपूर प्रथिनं जाणारा.

एक कारण मात्र माझ्या हातून निसटलं होतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "दुखण्याची औषधं घेता का?" अण्णा नाही म्हणाले, मी केसपेपरवर नाही लिहिलं. दुसऱ्या भेटीत मी ताईंना घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. त्यांनी कॅरीबॅग टेबलावर उलटी केली. तीन पाकिटं मधुमेहाची, एक रक्तदाबाचं, आणि बाकी सगळी डायक्लोफेनॅक-पॅरासिटॅमॉलची. काही पाकिटांचे सगळे कप्पे फुटलेले, तरी तीही जपलेली, दुकानदाराला दाखवून तीच मागता यावी म्हणून.

"ह्या तर अंगदुखीच्या," ताई म्हणाल्या. "फडावर सकाळी एक, रात्री एक. त्याबिगर मोळी उचलतच न्हाई. मी बी घेते."

फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, या गोळीला औषध म्हणतच नाहीत. ती चहासारखी शिदोरीतली वस्तू. म्हणजे अण्णा खोटं बोलले नव्हते, माझाच प्रश्न चुकीच्या शब्दांत होता. आता मी विचारते, "कामावर अंग दुखलं तर काय घेता? पाकीट दाखवा."

ही गोळी घातक कशी ठरते, हेही त्यांना सांगितलं. मूत्रपिंडाच्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक नळी आणि नेणारी एक नळी असते. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड स्वतःच आणणारी नळी रुंद ठेवून गाळणीतला दाब सांभाळतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांसारख्या गोळ्या नेमकी हीच सोय बंद पाडतात. घरी बसलेल्या धडधाकट माणसानं दोन दिवस घेतल्या तर सहसा निभतं. पहाटेपासून ऊस तोडून दुपारच्या उन्हात मोळ्या वाहणाऱ्या, घामानं भिजलेल्या, आधीच निम्मं मूत्रपिंड गमावलेल्या माणसाचं तसं नाही. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे, आणि उष्णतेत वारंवार होणारा पाण्याचा ताण हे त्याचं प्रमुख कारण मानलं जातं. आपल्याकडचा ऊसही उन्हातच तुटतो.

औषधांचे पर्याय

औषधांचा भाग तुलनेनं सोपा होता. डायक्लोफेनॅक बंद, दुखलं तर साधं पॅरासिटॅमॉल. ईजीएफआर ४५च्या खाली असल्यानं मेटफॉर्मिनचा डोस निम्मा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. ते नेणारी नळी सैल करून गाळणीवरचा दाब उतरवतं आणि लघवीतली प्रथिनं कमी करतं. त्यासोबत डॅपाग्लिफ्लोझिन. हे साखरेचं औषध म्हणून आलं, पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यानं मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो असं दिसलं. त्याच वर्षी आपल्याकडे त्याचं पेटंट संपलं आणि किंमत उतरली, नाहीतर अण्णांना ते लिहून देण्यात काही अर्थ नव्हता. सुजेसाठी फ्युरोसेमाइड.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, गोळी थांबवायची नसते. अण्णांचं डायक्लोफेनॅक बंद झाल्यावर क्रिएटिनिन २.० वर आलं होतं, टेल्मिसार्टननंतर २.२ झालं. पोटॅशियम ४.८, म्हणजे मर्यादेत. त्यांच्या मेव्हण्यानं हे पाहून गोळी बंद करायला लावली होती, "ह्या गोळीनंच किडनी चालली" म्हणून. त्यांना बोलावून घेऊन समजावलं, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

जेवणाचा गोंधळ जास्त होता. नात्यातल्या कुणीतरी यादी दिलेली: डाळ बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, टोमॅटो बंद, फळं बंद, आणि पाणी भरपूर प्या. अण्णा दोन महिने भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर होते, तीन किलो वजन उतरलेलं. मी ताईंसोबत बसून हिशेब केला. वजन ५८ किलो. या टप्प्यावर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं धरली तर दिवसाला ४६ ग्रॅम. ज्वारीच्या चार भाकरींतून पंचवीसेक ग्रॅम मिळतात, वाटीभर वरणातून सहा-सात, कपभर दुधातून पाच, दोन चमचे शेंगदाण्याच्या चटणीतून पाच. बेरीज केली तर त्यांचं नेहमीचं जेवणच जवळपास बरोबर होतं. डाळ तोडायची काही गरज नव्हती.

तोडायचं होतं ते मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. ताईंनी ठेच्यात पडणारं मीठ मुठीतून चमच्यात ओतून दाखवलं. एकट्या ठेच्यातच दोन चमचे जात होतं, आणि ठेचा दोघांत दीड दिवसात संपायचा. शिवाय लोणचं, पापड. सैंधव चालतं का, असं त्यांनी विचारलं. सैंधवही मीठच. आणि दुकानात 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, ते अशा रुग्णाला धोक्याचं. पाण्याबद्दल एवढंच सांगितलं की तहान लागेल तसं प्या. जास्त पाणी प्याल्यानं मूत्रपिंड धुऊन निघत नाही.

पहिला मोठा निर्णय: हंगामाला जायचं की नाही

ऑक्टोबरमध्ये अण्णा आले तेव्हा सूज उतरलेली, रक्तदाब १३४/८२, ईजीएफआर ३६. मी खूश होते. जाताना ते दारातून परत फिरले. "म्याडम, पाडवा झाला की निघायचंय. जाऊ ना?"

मी स्पष्ट म्हणाले, "नका जाऊ."

ताईंनी शांतपणे सांगितलं, "उचल घेतलीया. एक लाख. पोरीच्या लग्नाचं देणं त्याच्यातनं दिलं. आता न्हाई म्हणायला तोंड कुठंय?"

चार वाटा होत्या. दोघांनी न जाणं, म्हणजे मुकादमाचे एक लाख व्याजासकट परत, जे शक्य नव्हतं. ताईंनी एकटीनं अर्ध्या कोयत्यावर जाणं, ज्याला अण्णाही तयार नव्हते आणि मीही नव्हते. एकोणीस वर्षांच्या मुलानं आयटीआय सोडून बापाच्या जागी जाणं. आणि चौथी, दोघांनी जाणं पण अण्णांनी तोडणीऐवजी हलकं काम पाहणं. मुकादमाशी बोलून त्यांनी चौथी वाट धरली. अण्णांनी मोळ्या बांधायच्या आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं, तोडणी ताई आणि पुतण्यानं करायची.

मी माझ्या परीनं तयारी करून दिली. चार महिन्यांच्या गोळ्या, पॅरासिटॅमॉलचं वेगळं पाकीट, उन्हाचं डोकं झाकून काम करा, दर तासाला पाणी प्या. आणि निरोप देताना जे मी प्रत्येक जुनाट रुग्णाला सांगते ते सांगितलं: "काही झालं तरी एकही गोळी चुकवायची नाही."

फडावर काय घडलं

फेब्रुवारी २०२४. कोल्हापूरकडच्या फडावर टोळीत जुलाबाची साथ आली. अण्णांना दोन दिवस उलट्या-जुलाब. पोटात पाणी टिकेना. त्यांनी त्या दोन्ही दिवशी टेल्मिसार्टन घेतलं, डॅपाग्लिफ्लोझिन घेतलं, फ्युरोसेमाइड घेतलं, मेटफॉर्मिन घेतलं. उलटी झाली तर पुन्हा घेतलं. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं म्हणून कुणाकडून तरी दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेतलं. चौथ्या दिवशी लघवी जवळपास थांबली.

शरीरातलं पाणी संपलेलं. आणणारी नळी इंजेक्शननं आवळलेली, नेणारी टेल्मिसार्टननं सैल सोडलेली, आणि उरलंसुरलं पाणी फ्युरोसेमाइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन या दोन गोळ्या लघवीवाटे काढायला लावतात. गाळणीत दाब उरणार कुठून? प्रत्येक औषध एरवी बरोबर होतं. त्या दोन दिवसांत तेच घातक होतं.

मुकादमानं गाडी करून दिली, भाडं उचलीत धरलं. रातोरात मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणलं तेव्हा क्रिएटिनिन ४.६, पोटॅशियम धोक्याइतकं वाढून ६.३, त्यामुळे ईसीजीत बदल. हा दहा तासांचा प्रवास फार धोक्याचा होता, वाटेत हृदय थांबू शकलं असतं. कोल्हापूरलाच भरती व्हायला हवं होतं. पण मी ताईंच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. परक्या गावात डबा कोण आणणार, सही कोण करणार, रात्री कुणाच्या ओट्यावर झोपणार? आपल्या मुलखात निदान भाऊ येतो.

तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन हृदय सांभाळलं, इन्शुलिन-ग्लुकोज आणि सलाइन देऊन पोटॅशियम उतरवलं. डॉक्टरांनी एक-दोन वेळा डायलिसिस करावं लागेल म्हटल्यावर घरच्यांनी हात आखडले. "एकदा मशीन लागली की सुटत न्हाई" ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की लोक तिच्यापायी जीव घालवतात. अचानक बिघडलेल्या मूत्रपिंडाला डायलिसिस हा तात्पुरता टेकू असतो, मूत्रपिंड सावरलं की तो काढतात. जुनाट आजाराच्या शेवटच्या टप्प्यात मशीन कायमची लागते ती आजारामुळे. सुदैवानं तिसऱ्या दिवशी लघवी सुटली आणि डायलिसिस टळलं.

दहा दिवसांनी अण्णा माझ्याकडे आले. मी विचारलं, उलट्या होत असताना गोळ्या का घेतल्या. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "गोळी चुकू द्यायची न्हाई म्हणल्या व्हत्या ना तुमी."

पुढची उपाययोजना

क्रिएटिनिन २.७ वर येऊन थांबलं. ईजीएफआर २८. म्हणजे टप्पा ३ब मधून ४ मध्ये. एका आठवड्यानं आठ गुण नेले.

आता टेल्मिसार्टन पुन्हा द्यायचं का? घरच्यांचा विरोध होता, माझाही हात थरथरत होता. मूत्रविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलले. बिघाड वाढल्यावर या वर्गातली औषधं थांबवून मूत्रपिंड वाचतं का, हे ब्रिटनमधल्या चाचणीत तपासलं गेलं आहे. २०२२ साली तिचे निष्कर्ष आले: थांबवल्यानं फायदा दिसला नाही. पाच आठवड्यांनी, पोटॅशियम ४.९ असताना, निम्म्या डोसनं सुरू केलं आणि दहा दिवसांनी रक्त तपासलं. डॅपाग्लिफ्लोझिन चालू ठेवलं. ३०च्या खाली गेल्यानं मेटफॉर्मिन बंद, त्याजागी लिनाग्लिप्टिन.

ग्लिमेपिराइडही बंद केलं. त्या उन्हाळ्यात अण्णांची साखर आपोआप कमी येऊ लागली आणि घरात सगळे आनंदले, "शुगर गेली." हा आनंद फसवा असतो. मूत्रपिंड थकलं की इन्शुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. एका पहाटे घामाघूम होऊन त्यांची बोबडी वळली होती, ताईंनी गूळ चारला म्हणून निभलं.

याच काळात एका पावडरवाल्याकडेही जाऊन झालं. क्रिएटिनिन उतरवणारी राखाडी पुडी, महिन्याला चार हजार. मी रागावले नाही, पुडी मागून घेतली. आत काय आहे ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. अशा काही पुड्यांत जड धातू असतात, काहींत वेदनाशामक मिसळलेलं असतं, आणि दोन्ही मूत्रपिंडाच्या मुळावर येतात. ताईंनी स्वतःच ती बंद केली, पण तोवर आठ हजार गेले होते.

मी एक कार्ड तयार केलं. एका बाजूला रोजच्या गोळ्यांची पाकिटं चिकटवलेली. दुसऱ्या बाजूला लाल पट्टी आणि चार ओळी: उलटी, जुलाब, जेवण बंद. या गोळ्या थांबवा, म्हणजे टेल्मिसार्टन, डॅपाग्लिफ्लोझिन, फ्युरोसेमाइड. ओआरएस घोट घोट घ्या. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नीट जेवण-पाणी गेलं की पुन्हा सुरू करा, दोन दिवसांत बरं वाटलं नाही किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना. कोपऱ्यात: दुखण्याचं इंजेक्शन घेणार नाही. ताईंना वाचता येतं थोडं, अण्णांना नाही, म्हणून थांबवायच्या गोळ्यांवर लाल शाईची फुली.

डायलिसिसची तयारी हा दुसरा अवघड विषय. ईजीएफआर ३०च्या खाली गेला की तज्ज्ञांकडे नियमित जाणं सुरू व्हायला हवं, आणि डायलिसिससाठी हातातली धमनी-शीर जोडून फिस्टुला करावा लागतो, जो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, कधी जास्तही. वेळेत केला नाही तर मानेत नळी घालून सुरुवात करावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डायलिसिस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत केंद्रंही आली आहेत. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर वेळी चार तास मशीनवर आणि येण्याजाण्यासाठी एसटी, आणि सोबत एक माणूस, म्हणजे दोन जणांची मजुरी. योजनेच्या कागदावर हा खर्च येत नाही.

फिस्टुला इतक्यात नको असं ठरलं. मात्र डावा हात राखून ठेवला: त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही. हेपॅटायटिस बीची लस सुरू केली, अशा रुग्णांना ती दुप्पट मात्रेत चार वेळा देतात. प्रत्यारोपणाचा विषय निघताच ताई म्हणाल्या, "माझं एक घ्या." नवऱ्यासाठी बायको, भावासाठी बहीण, मुलासाठी आई, दान द्यायला घरातली बाईच आधी उभी राहते. त्यांचा रक्तगट जुळत नाही. शिवाय वीस वर्षं त्यांनीही तीच गोळी खाल्लेली. मी त्यांचंही क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घेतली. ०.८, लघवी साफ. त्या दिवसापासून त्यांची डायक्लोफेनॅकही बंद आहे.

निकाल

२०२५च्या अखेरीस, अण्णा ५१ वर्षांचे असताना, क्रिएटिनिन ३.० होतं, ईजीएफआर २४. पावणेदोन वर्षांत चार गुणांची घट. हिमोग्लोबिन लोहाच्या सलाइनांनंतर १०.६. रक्तदाब घरच्या यंत्रावर १२८च्या आसपास, आणि ताई तो वहीत लिहितात. डायलिसिस लागलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात पुन्हा जुलाब झाले तेव्हा फुलीच्या गोळ्या थांबल्या, ओआरएस गेलं, तिसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि क्रिएटिनिन हललं नाही.

त्याच निकालात हेही लिहायला हवं: राहिलेली उचल फेडायला नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलगा चुलतभावासोबत कोयत्यावर गेला. आयटीआयचं दुसरं वर्ष होतं, इलेक्ट्रिशियनचं. परत आल्यावर त्यानं पुन्हा प्रवेश घेतलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्ट २०२१ मध्ये त्या १.६ वर कुणी एक वाक्य बोललं असतं तर ईजीएफआर ५३ वर उपचार सुरू झाले असते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन, दोन्ही तपासायला हवी. आमच्याकडे साखर महिन्याला बघतात, लघवी कधीच नाही.

माझी मोठी चूक ऑक्टोबर २०२३ची. मी जाऊ नका म्हणाले, ते ऐकलं जाणार नाही हे कळल्यावरही माझी चिठ्ठी घरी बसणाऱ्या माणसासाठीच लिहिली. माणूस फडावर जाणार होता, तर चिठ्ठी फडाची हवी होती. तिथे जुलाब होणार, तिथे दुखण्याचं इंजेक्शन मिळणार, तिथे माझा फोन लागणार नाही. 'एकही गोळी चुकवू नका' हे वाक्य मी आता कुणालाही एकटं सांगत नाही. कोणत्या दिवशी चुकवायचीच, हे त्याच दमात सांगते. कारखान्याजवळच्या एखाद्या डॉक्टरच्या नावे पत्र द्यायला हवं होतं, आणि डिसेंबरात तिथेच एकदा रक्त तपासून रिपोर्ट मोबाइलवर पाठवायला सांगायला हवं होतं. तेही मला तेव्हा सुचलं नाही.

उचल घेण्याआधी, म्हणजे जून-जुलैतच, मी हंगामाचा विषय काढायला हवा होता. ऑक्टोबरात पैसे खर्च झालेले होते, निर्णय केव्हाच झाला होता. आता आमच्याकडे आषाढात येणाऱ्या प्रत्येक ऊसतोड रुग्णाला मी उचलीबद्दल विचारते. काही जणांना ते खटकतं.

दसऱ्याच्या आधी आम्ही दवाखान्यात तीन टोळ्यांचे रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन पाहिले. त्यात अण्णांचा मुलगाही होता, त्याचं सगळं ठीक आहे. लाल पट्टीची कार्डं त्यांच्यातल्या नऊ जणांना लागली. अण्णांची पुढची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ईजीएफआर २०कडे सरकला तर फिस्टुलाचं पुन्हा बोलायचं आहे. डाव्या मनगटावरची शीर अजून चांगली आहे, ताई त्या हाताला कुणाला सुई लावू देत नाहीत.